तांब्या, पेटी आणि खुरपे : वस्तुचित्रणातून पाहण्याचे शिक्षण

समोर ठेवलेली वस्तू डोळ्यांनी नीट न्याहाळून कागदावर रेखाटणे, याला वस्तुचित्रण म्हणतात. शालेय चित्रकलेतील हा भाग सर्वांत साधा मानला जातो आणि म्हणूनच तो बहुधा दुर्लक्षित राहतो. रंगीत देखावा भिंतीवर लावता येतो, रांगोळी समारंभात मिरवता येते. पेन्सिलीने काढलेला एखादा तांब्या किंवा चपलांचा जोड मात्र कोणी चौकटीत बसवून ठेवत नाही. तरीही मुलांच्या जडणघडणीत या साध्या अभ्यासाचे स्थान फार मोलाचे आहे, अशी आमची धारणा आहे. निवासी शाळेत मूल दिवसरात्र ज्या वस्तूंच्या सहवासात राहते, त्या वस्तूंकडेच ते पाहत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्या वस्तू पाहायला कसे शिकवावे, याचा क्रमवार विचार या लेखात मांडला आहे. तो शिक्षकांपुरता नाही; सुटीत मूल घरी आल्यावर पालकांनाही त्यातील बहुतेक पाठ सहज घेता येतील.

मूल काय काढते?

पाचवी-सहावीच्या वर्गात 'तुमच्या मनाने चित्र काढा' असे सांगितले, तर निम्म्याहून अधिक कागदांवर एकच देखावा उमटतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध किरणे फुटलेला अर्धा सूर्य, खाली वाहणारी नदी, कडेला उतरत्या छपराचे घर आणि आकाशात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे पक्षी. मराठवाड्याच्या सपाट माळरानावर वाढलेले मूल हेच चित्र काढते आणि कोकणच्या खाडीकाठी वाढलेले मूलही हेच काढते. हा देखावा त्यांपैकी कोणीही पाहिलेला नसतो. तो एकाने दुसऱ्याकडून, दुसऱ्याने तिसऱ्याकडून उचललेला असतो.

मुलांच्या चित्रांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांनी यामागील कारण शोधले आहे. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आँरी ल्युके यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, तर मनाला ठाऊक असते ते काढते. १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून या दोन मानसशास्त्रज्ञांनी याची एक सुंदर कसोटी घेतली. त्यांनी मुलांसमोर एक कप अशा रीतीने ठेवला, की त्याचा कान मागच्या बाजूला जाऊन दिसेनासा व्हावा आणि कपावरचे फुलाचे चित्र मात्र समोर दिसावे. लहान मुलांनी न दिसणारा कान हमखास काढला आणि समोर दिसणारे फूल गाळले. कपाला कान असतोच, हे ज्ञान त्यांच्या डोळ्यांवर मात करून गेले. साधारण आठव्या वर्षानंतर मात्र मुले दिसते ते काढू लागली.

हा प्रयोग आमच्या वर्गांत कोणालाही करून पाहता येईल आणि मूल लहान असेल तर त्याला हसण्याचे कारण नाही. ती वाढीची एक पायरी आहे. परंतु दहा-बारा वर्षांचे मूलही जेव्हा समोरचा तांब्या न पाहता पाठ्यपुस्तकातला तांब्या काढते, तेव्हा शिक्षकाचे काम सुरू होते. ऐकीव आणि पाठ केलेल्या गोष्टीला मूल प्रत्यक्षाहून अधिक खरे मानू लागले आहे, याची ती खूण असते.

येथे आपल्या परंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. भगवान बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश सर्वपरिचित आहे. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली, ग्रंथात आढळली किंवा गुरूने सांगितली, एवढ्यावरून ती स्वीकारू नये. स्वतः पारखून पाहावी. धम्माचे एक विशेषणच 'एहिपस्सिको' असे आहे; या आणि पाहा, असे ज्याच्याविषयी म्हणता येते तो. आपली मुले रोजच्या वंदनेत हा शब्द उच्चारतात. वस्तुचित्रणाच्या तासाला तोच शब्द हाताने गिरवता येतो. मराठीत चित्रशास्त्रातील एका महत्त्वाच्या विषयाला 'यथार्थदर्शन' असे नाव आहे, आणि वस्तू जशी आहे तशी पाहणे याला बौद्ध विचारात 'यथाभूत' दर्शन म्हणतात. दोहोंचा आवाका वेगळा आहे हे खरे. पण दोहोंचा आरंभ एकाच सवयीतून होतो.

साहित्य थोडके असावे

वस्तुचित्रणासाठी फार खर्च लागत नाही, हे पालकांना आवर्जून सांगावेसे वाटते. एक एचबी आणि एक २बी अथवा ४बी पेन्सिल पुरते. एचबी पेन्सिलीने हलक्या रेषेत आकार बसवावा आणि मऊ पेन्सिलीने गडदपणा भरावा. पेन्सिलीतील शिसे म्हणून आपण जे म्हणतो ते शिसे नसून ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. १७९५ मध्ये फ्रान्सच्या निकोला-जाक काँते यांनी या मिश्रणाची पद्धत काढली. माती अधिक तर पेन्सिल कठीण व फिकी, ग्राफाइट अधिक तर मऊ व काळी. एवढे समजले की मुले पेन्सिलीवरील अक्षरे आपोआप वाचू लागतात.

सरावासाठी एका बाजूने वापरलेले कोरे कागद उत्तम. कार्ट्रिज कागद महिन्यातून एकदा पुरे. चुलीतला कोळसा आणि फरशीचा तुकडा हेसुद्धा चालतात. फक्त दोन गोष्टी टाळाव्यात. पहिली, पट्टी, तिने रेषा सरळ येते, पण डोळा आळशी राहतो. दुसरी, पहिल्या काही आठवड्यांत खोडरबर. चुकलेली रेषा तशीच राहू द्यावी आणि तिच्याशेजारी अधिक बरोबर रेषा काढावी. चुकीची रेषा समोर असली, तरच पुढची रेषा कोठे न्यायची हे कळते.

पाठ पहिला : हात बाजूला, डोळे पुढे

पहिल्या तासाला पेन्सिल हाती घेऊच देऊ नये. मुलांना गोलाकार बसवावे, मध्ये स्टुलावर एक वस्तू ठेवावी आणि पाच मिनिटे ती नुसती पाहावयास सांगावी. वस्तू साधीच असावी. भोजनगृहातील स्टीलचा पेला चालेल. पाच मिनिटांनंतर प्रश्न विचारावेत. पेल्याची उंची जास्त की तोंडाची रुंदी? तळ तोंडापेक्षा किती अरुंद? काठ बाहेर वळलेला आहे का? सर्वांत उजळ भाग कोठे आहे? त्याच्या अंगावर खिडकी दिसते का? किती मुलांना पोचा दिसला?

या प्रश्नांची उत्तरे गोलाच्या वेगवेगळ्या बाजूंना बसलेल्या मुलांकडून वेगवेगळी येतात. एकाला पोचा दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही. दोघेही खरे सांगत असतात. आपण जेथे बसलो आहोत तेथून जे दिसते ते आपले चित्र, आणि समोरच्याचे चित्र वेगळे असले तरी ते चूक नाही, ही समज पाचवीतील मुलाला या एका तासात मिळते. पुढे आयुष्यात तिचा उपयोग कोठे कोठे होतो, हे मोठ्यांनी ओळखावे.

याच तासाच्या शेवटी एक खेळ घ्यावा. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवायची आणि कागदाकडे मुळीच न पाहता पेन्सिल त्याच गतीने चालवायची. चित्र वेडेवाकडे येते, वर्गात हशा पिकतो. पण त्या वाकड्या रेषेत असे बारकावे उतरतात, जे 'छान' काढू पाहणाऱ्या रेषेत कधीच उतरत नाहीत.

पाठ दुसरा : प्रमाण

वस्तू कागदावर बसवायची तर तिच्या भागांचे परस्परांशी प्रमाण कळले पाहिजे. यासाठी जुनीच रीत उत्तम. हात कोपरात न वाकवता पुढे ताठ धरावा, पेन्सिल उभी पकडावी, एक डोळा मिटावा. पेन्सिलीचे टोक वस्तूच्या वरच्या कडेशी जुळवावे आणि अंगठा खालच्या कडेपर्यंत सरकवावा. हे झाले उंचीचे माप. आता हात तसाच ताठ ठेवून पेन्सिल आडवी करावी आणि ते माप रुंदीशी ताडून पाहावे. रुंदी उंचीच्या निम्मी आहे की पाऊण? हे एक गुणोत्तर मिळाले की चित्र लहान काढा वा मोठे, वस्तू ओळखू येते. हात वाकला, की माप बदलते. मुलांची निम्मी मापे याच कारणाने चुकतात.

तिरकेपणा तपासण्यासाठी गवंड्याचा ओळंबा आठवावा. दोऱ्याला खडा बांधून तो डोळ्यांसमोर धरला, की काठाखाली तळ नेमका कोठे येतो, मुठीच्या खाली काय येते, हे उमगते. ज्यांचे वडील बांधकामावर आहेत अशी मुले हे साधन इतरांहून लवकर समजून घेतात आणि शेजाऱ्यालाही शिकवतात.

प्रमाण शिकवताना मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा रथाविषयीचा संवाद मुलांना सांगावा. राजा रथातून आला होता. नागसेनांनी विचारले की दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागले. हे सर्व भाग एका विशिष्ट रीतीने एकत्र आले, म्हणजे त्या जुळणीला आपण रथ म्हणतो. तांब्याचेही तसेच आहे. काठ, गळा, पोट आणि तळ यांपैकी एकही भाग तांब्या नव्हे. गळा पोटाच्या किती पट, काठ गळ्याहून किती रुंद, या नात्यांतून तांब्या उभा राहतो. जो मुलगा 'तांब्या' काढायला बसतो तो अडखळतो. जो ही नाती एकेक करून काढतो, त्याच्या कागदावर तांब्या आपसूक प्रकट होतो.

पाठ तिसरा : गोल तोंडाची भांडी

पेला, वाटी, तांब्या, बादली, माठ या सर्वांत एकच अवघड जागा असते, गोल तोंड. ते गोल आहे हे मुलाला ठाऊक असते, म्हणून ते पूर्ण वर्तुळ काढते. तळ जमिनीवर टेकला आहे हेही ठाऊक असते, म्हणून तळाशी सरळ आडवी रेषा ओढते. परिणामी तोंड आकाशाकडून पाहिलेले आणि तळ जमिनीलगत बसून पाहिलेला, असा विचित्र पेला तयार होतो.

यावर उपाय जेवणाच्या ताटात आहे. मुलाने रिकामे ताट दोन्ही हातांनी डोळ्यांच्या पातळीत आडवे धरावे. त्याची केवळ एक रेषा दिसते. ताट हळूहळू खाली न्यावे. ती रेषा उघडत जाते आणि लंबवर्तुळ होते. ताट जितके खाली, तितके लंबवर्तुळ फुगीर. जमिनीवर ठेवून वरून वाकून पाहिले, की पूर्ण वर्तुळ दिसते. यथार्थदर्शनाचा अर्धा भाग या एका कृतीत सामावला आहे.

यातून एक नियम निघतो, तो मुलांनीच शोधू द्यावा. पेला डोळ्यांच्या पातळीखाली ठेवला असेल, तर त्याचा तळ त्याच्या तोंडापेक्षा अधिक खाली असतो. म्हणून तळाची वक्ररेषा तोंडाच्या वक्ररेषेहून अधिक गोलावलेली हवी. काढण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम उभी मध्यरेषा हलक्या हाताने ओढावी. तिच्यावर तोंड, गळा, पोट व तळ यांच्या खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेशी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे अंतर घ्यावे. मग संपूर्ण लंबवर्तुळे काढावीत, मागची न दिसणारी बाजूसुद्धा. आणि शेवटी बाह्यरेषा जोडावी. लंबवर्तुळाची दोन्ही टोके गोलसर असतात. ती मासोळीच्या तोंडासारखी टोकदार होऊ देऊ नयेत. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक कागदावर सापडेल.

पाठ चौथा : पेटी

वसतिगृहातील प्रत्येक मुलाची एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात कपडे, वह्या, आईने दिलेली लाडवांची पुडी आणि मुलाचे सारे खासगी जग असते. सरळ कडांच्या वस्तूंचा अभ्यास या पेटीवर करावा, म्हणजे मुलांचे मन त्यात गुंतते.

पेटी कोपरा पुढे येईल अशी तिरकी ठेवावी. तिचे तीन पृष्ठभाग दिसतील. दोन बाजू आणि झाकण. उभ्या कडा कागदावर उभ्याच राहतील. आपल्या सर्वांत जवळची उभी कड सर्वांत लांब, दूरच्या दोन्ही त्याहून आखूड. पेटी डोळ्यांच्या पातळीखाली असल्याने मागे जाणाऱ्या कडा कागदावर वर चढत जातात आणि समांतर कडा दूर जाताना एकमेकींकडे किंचित झुकतात. तळाच्या कडाही तशाच तिरक्या असतात, हे मुलांना पटायला वेळ लागतो. पेटी सपाट जमिनीवर आहे, मग कड तिरकी कशी, असा त्यांचा प्रश्न असतो. अशा वेळी वाद न घालता पेन्सिल आडवी धरून त्या कडेशी ताडून पाहायला सांगावे. डोळ्यांनी दिलेला पुरावा मूल मान्य करते. कुलूप, कडी, नाव रंगवलेली अक्षरे हे सर्व शेवटी. आधी घडण, मग नटवण.

पाठ पाचवा : रिकामी जागा

काही वस्तू पेला किंवा पेटी यांच्या साच्यात बसत नाहीत. चपलांचा जोड, खुर्ची, सायकल, कंदिलाची तारेची मूठ. अशा वेळी वस्तूकडे न पाहता तिच्या आतल्या व भोवतालच्या रिकाम्या जागेकडे पाहायला सांगावे. खुर्चीच्या दोन पायांमधली जागा कोणत्या आकाराची आहे? चपलेच्या पट्ट्यांमधून जमिनीचा किती तुकडा दिसतो? बादलीची कडी उभी असताना तिच्याखाली कोणता आकार तयार होतो? त्या जागांना नाव नसते, म्हणून त्यांच्याविषयी मुलाच्या मनात ठरलेले चित्रही नसते. नाव नसलेला आकार मूल जसा दिसतो तसाच काढते, आणि सर्व रिकाम्या जागा बरोबर आल्या की मधली वस्तू आपोआप बरोबर येते. चित्रकलेत गती नाही असे समजून खिन्न झालेल्या मुलांना या पाठाने पहिले यश मिळते, असे आम्ही वारंवार पाहिले आहे.

पाठ सहावा : छाया आणि प्रकाश

रेषेने आकार कळतो. घनता कळते ती छायाप्रकाशाने. खोलीतील दिवे बंद करून एकाच खिडकीचा उजेड वस्तूवर पडू द्यावा. प्रथम कागदाच्या कडेला पाच चौकोनांची पट्टी काढून कोऱ्या कागदापासून सर्वांत काळ्या छटेपर्यंत पाच पायऱ्या भरून घ्याव्यात. नंतर डोळे किलकिले करून वस्तू पाहावी. बारकावे पुसट होतात आणि उजळ, मध्यम व गडद असे मोठे विभाग स्पष्ट होतात. चित्रात आधी हे विभाग भरावेत.

माठ आणि स्टीलचा तांब्या शेजारी ठेवले, तर पृष्ठभागाचा फरक समजतो. मातीच्या माठावर उजेड सावकाश मावळत जातो. स्टीलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि भोवतालची खिडकी, भिंत, पाहणाऱ्याचा चेहराही त्यांत उमटतो. माठाच्या गडद बाजूला अगदी कडेलगत एक फिकट पट्टा दिसतो; शेजारच्या पृष्ठभागावरून परतलेला तो उजेड असतो. तो ध्यानात आला, की माठ कागदावरून उठून येतो. वस्तूची पडछाया विसरू नये. वस्तू जेथे टेकते तेथे ती सर्वांत गडद असते आणि दूर जाताना निवळते. पडछाया नसलेली वस्तू हवेत तरंगते.

पाठ सातवा : आठवणीतून

आठवड्यातून एकदा वस्तू पाच मिनिटे दाखवून झाकून ठेवावी आणि मग ती काढायला सांगावी. काढून झाल्यावर कापड उचलावे. काय राहून गेले ते मुलानेच शोधावे आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहावे. स्मरणशक्ती म्हणजे बऱ्याच अंशी लक्षपूर्वक पाहिलेले असणे, हे या सरावातून मुलांच्या ध्यानी येते. पुढे विज्ञानाच्या आकृत्या आणि भूगोलाचे नकाशे काढतानाही तीच सवय कामी येते.

दुरुस्ती आणि शाबासकी

मुलाच्या कागदावर शिक्षकाने वा पालकाने स्वतःची रेषा ओढू नये. दाखवायचेच असेल तर शेजारच्या कागदावर दाखवावे. मोठ्यांची एक सफाईदार रेषा मुलाच्या दहा प्रामाणिक रेषांना लाजवते, आणि त्यानंतर मूल वस्तूकडे पाहणे सोडून मोठ्यांच्या हाताकडे पाहू लागते.

'छान' हा शब्दही जपून वापरावा. 'काठाची जाडी तुला दिसली, ती या ओळीत कोणालाच दिसली नव्हती' असे म्हटले, तर मुलाला आपण काय बरोबर केले ते कळते. चूक दाखवतानाही प्रश्नच विचारावा. 'तळ पुन्हा एकदा पाहा, तो किती गोलावला आहे?' मुलांच्या चित्रांची एकमेकांशी तुलना करू नये. तुलना करायचीच तर त्याच मुलाच्या जूनमधील पेल्याशी जानेवारीतील पेल्याची करावी. यासाठी प्रत्येक कागदावर तारीख घालण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी.

कोणत्या वस्तू निवडाव्यात?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चित्रकलेच्या तयार पुस्तकांत फुलदाणी, किटली, काचेचा जग आणि सफरचंद असते. ती वस्तू वाईट नाही. परंतु मूल वर्षभर केवळ दुसऱ्यांच्या घरच्या वस्तू काढत राहिले, तर आपल्या घरची वस्तू चित्राच्या योग्यतेची नसते, असा अर्थ ते न बोलता काढते. ऊसतोडीचा कोयता, खुरपे, सूप, पाटा-वरवंटा, गवंड्याची थापी, चांभारकामाची आरी आणि रापी, सफाईचा खराटा, वीटभट्टीवरचा साचा. आपल्या कित्येक मुलांची घरे या अवजारांवर उभी राहिली. यांतील काही वस्तूंना समाजाने शतकानुशतके हीनत्व चिकटवले, आणि ते हीनत्व मुलाच्या मनातही नकळत शिरते. वडील काय करतात, हे सांगताना ज्याचा आवाज खाली जातो, असे मूल प्रत्येक वर्गात आढळते.

वस्तू पाहणाऱ्याला जात नसते. खुरप्याच्या पात्याचा बाक, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली लाकडी मूठ, धार लावून लावून झिजलेली कड, हे सारे तासभर न्याहाळून रेखाटणाऱ्या मुलाला त्या वस्तूत श्रम दिसू लागतात, कौशल्य दिसू लागते. श्रमाला प्रतिष्ठा द्यावी, हे भाषणात सांगणे सोपे आहे; येथे मूल ती स्वतःच्या डोळ्यांनी शोधते. याचा अर्थ त्याने तेच अवजार पुढे हाती धरावे, असा मुळीच नाही. आईवडिलांनी मुलाला शाळेत पाठवले ते त्याच्यासमोर दुसऱ्या वाटा उघडाव्यात म्हणूनच. पण ज्या हातांनी त्याला शाळेपर्यंत आणले, त्या हातांची त्याला लाज वाटू नये, एवढे तरी शिक्षणाने साधले पाहिजे.

जगाच्या कलेतही याला आधार आहे. विन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८६ मध्ये पॅरिसला असताना झिजलेल्या, नाड्या सुटलेल्या बुटांचा एक जोड रंगवला. ते चित्र आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात जपले आहे. इटलीतील बोलोन्या शहराचे जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) यांनी आयुष्याचा मोठा भाग त्याच त्या बाटल्या, बरण्या आणि डबे मांडून चित्रे काढण्यात घालवला, आणि विषय अपुरा पडला असे त्यांना कधी वाटले नाही.

दूर कशाला जावे? अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात संबोधीनंतर कपिलवस्तूला परतलेले भगवान बुद्ध यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर उभे आहेत. बुद्धांची आकृती भव्य, माय-लेक लहान. त्या साऱ्या प्रसंगाचा अर्थ ज्या वस्तूभोवती गुंफला आहे, ती वस्तू म्हणजे हातातील साधे भिक्षापात्र. राजवाड्याच्या दाराशी राजपुत्र परत आला तो मुकुट घेऊन नव्हे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांनी गेरू, काजळी, चुना असे साधे रंग आणि समर्थ रेषा यांच्या बळावर हे उभे केले. सहलीला अजिंठ्यास जाणाऱ्या मुलांना आम्ही सुचवतो, की भित्तिचित्रांत केवळ राजे आणि बोधिसत्त्व शोधू नका. भांडी, आसने, वाद्ये, दागिने हेही शोधा. त्या काळची माणसे कशात खात-पीत, कशावर बसत, हे त्या रेषांनी आपल्यापर्यंत पोहोचवले आहे. कोणीतरी ते नीट पाहिले होते, म्हणूनच.

परीक्षा आणि पुढील वाटा

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयामार्फत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. एलिमेंटरीमध्ये वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राची जागा स्थिरचित्र घेते. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीला श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात, हे पालकांना माहीत असते. गुण मिळावेत, त्यात गैर काही नाही. मात्र परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत घोकलेली चित्रे आणि वर्षभर पाहून काढलेली चित्रे यांतील फरक कागदावर लपत नाही.

पुढील वाटाही अनेक आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेसारख्या १८५७ पासूनच्या संस्थेत प्रवेश घेणारे थोडेच असतील. पण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील आरेखकाचा अभ्यासक्रम, सुतारकाम, शिवणकाम, यंत्रांची दुरुस्ती, शरीरशास्त्राच्या आकृत्या, वास्तुरचना, या प्रत्येक ठिकाणी डोळ्याने प्रमाण ओळखणारा आणि हाताने ते उतरवणारा विद्यार्थी पुढे राहतो. चित्रकार न होणाऱ्या मुलालाच हे शिक्षण जास्त उपयोगी पडते, असे म्हणता येईल.

पालक आणि माजी विद्यार्थी यांना विनंती

आज अनेक शाळांतून चित्रकलेचा तास सर्वांत आधी कापला जातो. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला, इंग्रजीची चाचणी आली, की तो तास दुसऱ्या विषयाला दिला जातो, आणि पालकही त्याला हरकत घेत नाहीत. पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवणाऱ्या आईवडिलांना चित्र काढणे हा वेळेचा अपव्यय वाटला, तर त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यापुढे आम्ही एवढेच मांडू इच्छितो की, ज्या मुलाला समोरची वस्तू नीट पाहता येते, त्याला समोरचे गणितही नीट वाचता येते. आणि ऐकीव गोष्टीवर विसंबण्याआधी स्वतः पाहून घेण्याची सवय लागलेल्या मुलाला पुढे कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. ही सवय आपल्या समाजाला किती मोठी किंमत मोजून मिळाली आहे, हे स्मरणिकेच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

पालकांनी सुटीत मुलाला रोज वीस मिनिटे द्यावीत. घरातील एक वस्तू ओट्यावर ठेवावी, कागद द्यावा आणि शेजारी बसावे. बोलण्याची गरज नाही. काढून झाल्यावर त्या वस्तूची गोष्ट सांगावी; ती कोठून आली, कोणी वापरली, कशाने झिजली.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या व्यवसायातील एखादे अवजार शाळेच्या चित्रकला वर्गासाठी आणून द्यावे. शिंप्याची कात्री, परिचारिकेचा रक्तदाबमापक, वीजतंत्रज्ञाची पकड, शेतकऱ्याचा विळा, वकिलाची जाडजूड फाईल, काहीही चालेल. वर्गातील स्टुलावर ते ठेवले जाईल, पंचवीस-तीस मुले त्याच्याभोवती बसतील आणि ते आपापल्या जागेवरून पाहतील. ते अवजार कोणाचे आणि त्याने काय होते, हे त्या तासाला मुलांना सांगितले जाईल. देणगी म्हणून याची नोंद कोठल्याही पावतीवर होणार नाही. ती त्या मुलांच्या वह्यांमध्ये तारखेसह राहील.